हद्दीवर कापलेली फांदी

कंपाउंडच्या भिंतीवरून होणाऱ्या भांडणांत झाडाचं भांडण सगळ्यात चिवट. गाडीचं भांडण गाडी हलवली की मिटतं, सांडपाण्याचं पाइप बदलला की मिटतं. झाड हलत नाही, आणि दरवर्षी वाढतं. उन्हाळ्यात पानं पडतात, पन्हळ तुंबते. जूनच्या पहिल्या वाऱ्याला फांदी पत्र्यावर आपटायला लागते. मग 'तुमचं झाड', 'आमची गच्ची', 'तुमची पानं', 'आमची टाकी' अशी वाटणी सुरू होते. दोन पिढ्यांचं येणं-जाणं, हळदीकुंकू, दिवाळीच्या फराळाची ताटं, सगळं त्या एका फांदीखाली येऊन थांबतं.

या भांडणात बघे कोणाची बाजू घेणार हे आधीच ठरलेलं असतं. पर्यावरणवाले झाडवाल्याच्या बाजूने. त्यांच्या मते भिंतीपलीकडचा माणूस वृक्षद्वेष्टा, त्याला पानांचा कचरा दिसतो, सावली दिसत नाही. व्यवहारी लोक भिंतीपलीकडच्याच्या बाजूने. त्यांच्या मते हद्द म्हणजे हद्द, आत आलं ते कापा, विचारायचं काय त्यात. मला या दोघांच्याही विरुद्ध लिहायचं आहे. थोडं स्वतःच्याही विरुद्ध लिहावं लागेल.

माझं म्हणणं साधं आहे. शेजारच्या झाडाची फांदी आपल्याकडे आली, तर ती नीट कापायची जागा जवळजवळ नेहमी शेजाऱ्याच्या हद्दीत असते. आपल्याला हक्क आहे तो आपल्या हद्दीत कापण्याचा. म्हणजे हक्क बजावायचा तर झाड चुकीच्या जागी कापावं लागतं, आणि योग्य जागी कापायचं तर शेजाऱ्याचं दार वाजवावं लागतं. बाकीचा वाद या एका गोष्टीपुढे दुय्यम आहे. आणि नेमकी हीच गोष्ट कायदा सांगत नाही, उद्यान खातं सांगत नाही, वृक्षारोपणाच्या भाषणात तर कोणीच सांगत नाही.

आधी माझी हकिगत सांगतो, म्हणजे मी हे कुठून बोलतो आहे ते कळेल.

आमच्या घराला लागून शेजारच्या अण्णांचा रायवळ आंबा होता. भिंतीपासून जेमतेम तीन फुटांवर. आमच्या वडिलांच्या वेळी दोन घरांमध्ये तारेचं कुंपण होतं. पुढे आम्ही पक्की भिंत बांधली, तेव्हा पायाच्या चरात आलेली आंब्याची मुळं गवंड्यानं कुऱ्हाडीनं तोडली. मनगटापेक्षा जाड मुळं होती. त्या दिवशी कोणाला काही वाटलं नाही, अण्णांनाही नाही. नंतर आम्ही वरचा मजला चढवला आणि आंब्याच्या फांद्या गच्चीला टेकल्या. पन्हळ तुंबून भिंतीला ओल आली. मी अण्णांना सांगितलं. "बघू," ते म्हणाले. दुसऱ्या वर्षी सांगितलं. "मोहोर आलाय, आता कसं तोडणार?" तिसऱ्या वर्षी अर्ज दिला. खिडकीवरच्या माणसानं विचारलं, "झाड कोणाचं?" मी म्हटलं, शेजाऱ्यांचं. "मग त्यांची सही आणा." सही मिळत असती तर मी अर्ज कशाला केला असता?

शेवटी एका मे महिन्यात अण्णा मुलाकडे गेले असताना मी दोन माणसं बोलावली आणि आमच्या गच्चीवरून हात पोहोचेल तेवढं सगळं उतरवून घेतलं. भिंतीच्या रेषेत, सरळ. अण्णांच्या जागेत पाऊल ठेवलं नाही. लाकूडही भिंतीवरून त्यांच्याच अंगणात रचून ठेवलं, कारण ते त्यांचं होतं. मी किती काटेकोर वागलो याचा मला अभिमान वाटत होता. अण्णा परत आले, झाडाकडे पाहिलं, आणि माझ्याशी बोलणं बंद केलं.

त्यानंतरच्या दुसऱ्या पावसाळ्यात, दोन दिवसांच्या झडीनंतर, आंबा पडला. त्यांच्याच बाजूला, न्हाणीघरावर. पहाटेची वेळ होती, आत कोणी नव्हतं म्हणून बरं. आमच्या बाजूची मुळं भिंतीसाठी तोडलेली, आमच्या बाजूच्या फांद्या गच्चीसाठी तोडलेल्या, सगळा भार पलीकडे. झाड दुसरीकडे कुठे पडणार होतं? कोर्टात हे कोणी सिद्ध करू शकणार नाही. वारा होता, पाऊस होता, झाड जुनं होतं. पण उपटलेली मुळं मी पाहिली. आमच्या बाजूला ती भिंतीशी संपत होती.

आता कायदा काय म्हणतो ते पाहू. इंग्लंडमध्ये १८९४ साली हाउस ऑफ लॉर्ड्सनं लेमन विरुद्ध वेब या खटल्यात निकाल दिला. शेजाऱ्याच्या जुन्या झाडांच्या फांद्या आपल्या जमिनीवर आलेल्या, त्या दुसऱ्यानं पूर्वसूचना न देता कापल्या. न्यायालयानं म्हटलं, शेजाऱ्याच्या जमिनीत न शिरता कापल्या असतील तर त्याला तो अधिकार आहे. फांदी कितीही वर्षं तिथे असली तरी झाडमालकाला ती तिथेच ठेवण्याचा हक्क मिळत नाही. कापलेली फांदी आणि तिच्यावरची फळं मात्र झाडमालकाची. आपल्याकडे दिवाणी वादात हेच तत्त्व साधारणपणे मानलं जातं. वकील मित्राला विचारा, तो चहा संपायच्या आत एवढं सांगेल.

पण महाराष्ट्रातल्या शहरांत याच्यावर दुसरा कायदा येऊन बसला आहे. महाराष्ट्र (नागरी क्षेत्रे) झाडांचे संरक्षण व जतन अधिनियम, १९७५. या कायद्यात झाड 'तोडणे' या शब्दाच्या पोटात जाळणं, कापणं आणि कोणत्याही प्रकारे इजा करणं हे सगळं येतं. झाड खाजगी जागेत असलं तरी परवानगी लागते. २०२१ च्या दुरुस्तीनं पन्नास वर्षांचं किंवा त्याहून जुनं झाड 'हेरिटेज' ठरवलं, आणि एक झाड तोडलं तर त्याच्या वयाइतकी झाडं लावण्याची अट घातली. हेतूबद्दल मला शंका नाही. असा कायदा नसता तर आपल्या शहरांत आज आहे तेवढीही हिरवळ उरली नसती.

पण दोन्ही कायदे एकत्र वाचले की काय होतं पहा. एक म्हणतो, हद्दीत आलेली फांदी काप, कोणाला विचारू नकोस. दुसरा म्हणतो, विचारल्याशिवाय पान तोडू नकोस. ज्याला फांदीचा खरोखर त्रास आहे तो माणूस या दोन्हींच्या मध्ये उभा राहतो, आणि त्याला रस्ता दाखवणारं कोणी नसतं. झाडमालकाच्या सहीशिवाय अर्ज पुढे सरकत नाही, आणि झाडमालकाला सही करण्याचं काही कारण नसतं. त्याला पन्हळ साफ करावी लागत नाही. मग तो माणूस काय करतो? शनिवारी दुपारी किंवा रविवारी सकाळी, कार्यालय बंद असताना, मिळेल तो माणूस बोलावून मिळेल तेवढं उतरवून घेतो. नाहीतर त्याला कोणीतरी कानात सांगतं की खोडाला भोक पाडून आत 'औषध' सोडलं की झाड आपोआप वाळतं, आणि वाळलेल्या झाडाला परवानगी लगेच मिळते. मलाही हे सांगणारा भेटला होता. दर सांगून गेला. आपल्या शहरांत उभ्या उभ्या वाळलेली झाडं दिसतात, त्यांतली सगळीच म्हातारपणानं वाळलेली नसतात.

आता झाडाची बाजू. अॅलेक्स शायगो नावाचे अमेरिकेच्या वनखात्यात काम केलेले एक शास्त्रज्ञ होते. त्यांनी हजारो झाडं उभी चिरून आतल्या जखमा पाहिल्या. त्यांनी दाखवून दिलेली मुख्य गोष्ट अशी की झाडाची जखम आपल्या कातडीसारखी भरून येत नाही. झाड ती आतल्या आत कोंडून टाकतं, तिच्याभोवती भिंती उभारतं आणि बाहेरून नवं लाकूड चढवतं. हे काम झाड सगळ्यात चांगलं एकाच ठिकाणी करू शकतं. फांदी जिथून निघते तिथे बुडाशी एक फुगीर कडं असतं, त्या कड्याच्या जरा बाहेर. कड्याला धक्का न लावता तिथे कापलं, तर जखम चहूबाजूंनी बंद होत येते. कडंच कापून टाकलं तर कूज खोडात उतरते. आणि फांदी मध्येच कुठेतरी कापून खुंट ठेवला, तर तो खुंट कुजतो आणि ती कूज हळूहळू आत जाते.

खुंटातून पुढे काय होतं ते सगळ्यांनी पाहिलं आहे. पावसात त्याला दहा-वीस सरळसोट धुमारे फुटतात. लोक म्हणतात, "बघा, कसं फुटलंय!" हे धुमारे वरवरच्या लाकडाला चिकटलेले असतात, मूळ फांदीसारखे खोलवर रुतलेले नसतात. तीन-चार वर्षांत ते पुन्हा गच्चीवर येतात, आणि या वेळी वाऱ्यानं मोडायला आधीपेक्षा सोपे असतात. म्हणजे आपण जी फांदी धोकादायक म्हणून कापली, तिच्या जागी अधिक धोकादायक अशा दहा फांद्या तयार केल्या.

आता भिंत आठवा. कडं कुठे आहे? खोडाशी. खोड कुठे आहे? शेजाऱ्याकडे. भिंतीच्या रेषेत कापलेली प्रत्येक फांदी म्हणजे एक खुंट. कायद्यानं मला दिलेला अधिकार तंतोतंत बजावला, तर मी झाडाच्या दृष्टीनं सगळ्यात वाईट काप घेतो. शिवाय फक्त माझ्या बाजूचं कापतो, म्हणजे तोलही बिघडवतो. तोल राखायला दुसऱ्या बाजूच्याही काही फांद्या हलक्या कराव्या लागतात, आणि ती बाजू तर सगळीच माझ्या अधिकाराबाहेर आहे. झाड ही एकच वस्तू आहे. तिची अर्धी छाटणी करता येत नाही.

'हद्दीत आलं की कापा' म्हणणाऱ्यांना माझं उत्तर एवढंच. तुम्हाला अधिकार आहे. तो वापरलात तर फांदी परत येईल किंवा झाड पडेल. कुठे पडेल हे तुमचा अधिकार ठरवणार नाही.

पण झाडवाल्यांना मी याहून कठोर बोलणार आहे, कारण त्यांना आजवर कोणी बोललेलं नाही.

आपल्याकडे झाड लावणं हे पुण्य आहे. पाच जूनला लावा, वाढदिवसाला लावा, आईवडिलांच्या स्मरणार्थ लावा, फोटो काढा. झाड लावणाऱ्याला कोणी विचारत नाही की भिंतीपासून किती फुटांवर लावलंस, वाढल्यावर ते कुठे जाणार, पाच वर्षांनी त्याच्यावर कोण चढणार. शेवगा फटकन मोडणारा, त्याच्यावर केसाळ सुरवंट येतात, हे माहीत असून तो शेजारच्या खिडकीखाली लागतो. गुलमोहराचं लाकूड ठिसूळ, मुळं वरवर पसरणारी, तरी तो दोन बंगल्यांच्या मधल्या पट्टीत लागतो. आणि मग झाड मोठं झालं की मालकाच्या वाट्याला फळं, फुलं आणि 'आमच्याकडे किती गार वाटतं' हे वाक्य येतं, शेजाऱ्याच्या वाट्याला झाडू येतो. शेजाऱ्यानं तक्रार केली की मालक म्हणतो, "ऑक्सिजन फुकट मिळतोय तुम्हाला." हे झाडावरचं प्रेम नाही, दुसऱ्याच्या खर्चानं केलेलं पुण्य आहे.

"झाड आधी होतं, तुम्ही नंतर आलात," हा झाडवाल्यांचा आवडता मुद्दा. झाड आधी होतं, पण फांदी नंतर आली. दरवर्षी ती वाढत होती आणि दरवर्षी तुम्ही ती पाहत होता. मोहोर आला म्हणून नाही, फळं आहेत म्हणून नाही, पाऊस आहे म्हणून नाही, आता फुटवा येतोय म्हणून नाही. ज्या मालकाला छाटणीसाठी वर्षातला एकही आठवडा योग्य वाटत नाही, तो झाड वाचवत नसतो. भिंतीपलीकडच्या माणसाच्या हातात तो एक एक वर्ष करून कुऱ्हाड देत असतो. अण्णांनी पहिल्याच वर्षी, फळं उतरल्यावर, तीन फांद्या कड्याशी नीट काढून दिल्या असत्या, तर आंबा आज उभा असता. मी केलं ते केलंच. पण 'बघू' हा शब्दही त्या झाडाच्या मुळावर आला.

छाटणी म्हणजे झाडाला इजा, ही समजूत शहरी आहे आणि अलीकडची आहे. आपल्या बांधावरच्या झाडांना कोणी विचारावं. बाभूळ, लिंब दर उन्हाळ्यात उतरवले जात, कारण पाला शेळ्या-मेंढ्यांना हवा असे आणि फांद्या चुलीला. कोकणात भाताच्या रोपासाठी राब भाजायचा तर झाडांचा टहाळ तोडून आणावा लागे. फांदीला गिऱ्हाईक होतं, म्हणून फांदी वेळेवर उतरत होती. शेजाऱ्याच्या पिकावर सावली पडते अशी कुरकुर होतच असे, पण ती मिटवायला लागणारी कुऱ्हाड घरात होती, ती चालवणारा हात घरात होता, आणि कापलेलं लाकूड दोन्ही घरांना हवं होतं. मग घरात गॅस आला, शेळ्या गेल्या. आज शहरात कापलेली फांदी म्हणजे निव्वळ कचरा. घंटागाडीवाला ती घेत नाही, टेम्पोवाला पैसे मागतो. छाटणीतून काही मिळत होतं तेव्हा ती दरवर्षी होत होती. तिला पैसे मोजावे लागायला लागले, तेव्हा ती थांबली, आणि थांबण्याला आपण वृक्षप्रेम हे नाव दिलं.

गोव्यात आणि तळकोकणात हेच नारळाच्या बाबतीत झालं आहे. नारळाला छाटायला फांदीच नाही. शेजारच्या कौलांवर पडतो तो न उतरवलेला नारळ आणि वाळलेला झाप. पाडेली वेळेवर चढत होता तोवर माड वाकून शेजारच्या अंगणात गेला तरी कोणाला भीती वाटत नव्हती. आता पाडेली मिळत नाहीत, नारळ पिकून आपोआप पडतात, कौलं फुटतात, आणि तक्रार मात्र माडाविरुद्ध होते. दोष माडाचा नाही. चढणारा माणूस नाहीसा झाला, त्याच्या कामाला आपण कधी मान दिला नाही आणि पुरता दामही दिला नाही, हे खरं दुखणं आहे.

आपल्या परंपरेचे दाखले देणाऱ्यांसाठी एक गोष्ट. मनुस्मृतीच्या आठव्या अध्यायात हद्द ओळखू यावी म्हणून वड, पिंपळ, पळस, सावर अशी झाडं सीमेवर लावायला सांगितली आहेत. याज्ञवल्क्यस्मृतीत उपयोगी झाडाची फांदी तोडली तर वीस पण, खोड तोडलं तर त्याच्या दुप्पट, समूळ तोडलं तर आणखी दुप्पट असा दंड आहे, आणि झाड हद्दीवरचं किंवा देवस्थानाजवळचं असेल तर तो पुन्हा दुप्पट. या ग्रंथांतलं बाकी बरंच काही आज टाकून देण्याच्या लायकीचं आहे. पण हद्दीवरच्या झाडाला दुप्पट दंड लावणाऱ्याला एक गोष्ट ठाऊक होती. जे झाड दोघांच्या मध्ये असतं, ते एकट्याच्या रागानं सगळ्यात आधी मरतं.

आपण मात्र मुलांना दुसरीच गोष्ट सांगतो. शेवग्याच्या झाडाची. एकेकाळचं खानदानी घर, आता शेवग्याच्या शेंगा चोरून विकून कसंबसं जगणारं. पाहुणा येतो, रात्री उठून झाड तोडतो आणि निघून जातो. घरातल्यांना नाइलाजानं कामाला लागावं लागतं आणि त्यांची भरभराट होते. व्याख्यानांतून ही गोष्ट शंभर वेळा ऐकली. तात्पर्य आळसाविरुद्ध आहे, ते मान्य. पण झाड कोणाचं होतं? पाहुण्यानं कोणाला विचारलं होतं? दुसऱ्याचं झाड रात्री, न विचारता, त्याच्याच भल्यासाठी तोडणारा माणूस आपल्या गोष्टीत शहाणा ठरतो. आंबा उतरवताना मीही स्वतःला शहाणाच समजत होतो, आणि मी तर दिवसाढवळ्या तोडत होतो.

मग करायचं काय? माझ्या तीन मागण्या आहेत.

पहिली झाडमालकाकडे. झाड तुमचं असेल तर छाटणीचा खर्च तुमचा. शेजाऱ्यानं मागायच्या आधी, दर दोन-तीन वर्षांनी, फळं उतरल्यावर, घरटी आहेत का ते पाहून. मेअखेर कावळे अंडी घालून बसलेले असतात आणि नेमकी तेव्हाच आपल्याला पावसाळ्यापूर्वीची छाटणी आठवते. कापणाऱ्याला आधी खालून, मग वरून आणि शेवटी कड्यापाशी असे तीन काप घ्यायला सांगा, म्हणजे साल सोलवटून खाली येणार नाही. हे न जमणाऱ्यानं आणखी झाडं लावू नयेत.

दुसरी भिंतीपलीकडच्या माणसाकडे. आधी विचारा. लेखी विचारा, दोनदा विचारा, आणि विचारताना नेमका त्रास सांगा. 'झाड काढा' म्हणू नका. 'पन्हळीवरच्या या दोन फांद्या' म्हणा. चढायला आपली गच्ची द्या, शिडी लावायला जागा द्या. आणि भिंतीचा पाया खणताना मूळ आडवं आलं तर पाया वळवा. फांदी परत येते, तोडलेलं जाड मूळ परत येत नाही.

तिसरी नगरपालिका-महापालिकांकडे. झाड तोडणं आणि झाड छाटणं यांना वेगळ्या खिडक्या द्या. ज्याला त्रास होतो त्याचाही अर्ज घ्या, फक्त मालकाचा नको. दोघांनाही झाडाखाली बोलावून एकदाच पाहणी करा, कोणती फांदी कुठे कापायची ते खडूनं खुणा करून दाखवा, आणि कापायला प्रशिक्षित माणूस द्या. मालक आलाच नाही तर त्याला नोटीस द्या आणि छाटणीचा खर्च त्याच्याकडून घ्या. दरवर्षी किती झाडं लावली याचे आकडे जाहीर होतात. किती झाडं नीट छाटली याचा आकडाही तेवढ्याच मोठ्या अक्षरांत लावा. ज्या गावात कायदेशीर छाटणी अवघड असते, तिथे बेकायदा कत्तल स्वस्त होते.

"शेजारी बोलतच नाही, त्याचं काय करायचं?" असं कोणी विचारेल. माझ्याकडे याला चोख उत्तर नाही. माझे अण्णा वारले तोवर बोलले नाहीत. पण त्यांच्याशी मी खरंच बोललो होतो का, हा प्रश्न मला नंतर पडला. मी तीन वर्षं त्यांना माझी पन्हळ सांगत होतो. कोणत्या फांद्या गेल्या तर तुम्हाला चालतील, हे मी एकदाही विचारलं नव्हतं.

हा प्रश्न पडायला एक कारण घडलं. आंबा पडल्यावर काही महिन्यांनी मी गच्चीवर उभा होतो. सवयीनं अण्णांच्या रिकाम्या जागेकडे पाहिलं आणि मग दुसऱ्या बाजूला वळलो. आमचं जांभूळ आहे त्या बाजूला. वडिलांनी लावलेलं. त्याच्या निम्म्या फांद्या भिंतीवरून पलीकडच्या काकूंच्या अंगणात गेल्या आहेत. जूनमध्ये त्यांची फरशी जांभळी होते. मी लहानपणापासून त्यांना सकाळी बादली घेऊन ती फरशी घासताना पाहत आलो आहे. त्यांनी कधी तक्रार केली नाही, म्हणून मला कधी दिसलं नाही. अण्णांच्या आंब्यावर मी तीन वर्षं धुमसत होतो, आणि त्या सगळ्या काळात मीही कोणाचा तरी अण्णा होतो.

मी त्यांच्याकडे गेलो आणि विचारलं, "काकू, यातलं काय काढू?" त्या थोडा वेळ वर बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "दारावरची काढ, पाय घसरतो. नळावरची राहू दे, उन्हात भांडी घासायला बरं पडतं."

नळावरची फांदी ठेवली. दारावरच्या दोन कड्याशी काढल्या, आमच्या बाजूच्याही थोड्या हलक्या केल्या. चढणाऱ्याचे पैसे मी दिले. ते इतकी वर्षं माझ्याकडेच बाकी होते.